हातभर मागे

मित्रांनो, मी एक जुना, ठेंगणा दांडा आहे. गुरांच्या डॉक्टरबाईंच्या जीपमध्ये गिअरच्या उंच दांड्याशेजारी मी उभा असतो. दिवसभर मान त्या थोरल्याला, माझ्याकडे कोणी बघतही नाही. पण मूर्ती लहान, कीर्ती महान! चढ अंगावर आला की मलाच ओढतात. मग चारही चाकं फिरू लागतात, जीप गोगलगाईच्या चालीने निघते आणि तिचा जोर दुपटीहून अधिक होतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी काळी मूठ चकचकीत होती. पहिल्या दिवशी ड्रायव्हरकाकांनी ती आपल्या घट्टे पडलेल्या तळव्यात धरली आणि म्हणाले, "चल रे बुटक्या." तेव्हापासून मी त्यांचाच झालो. चिखलात रुतलेल्या गाड्या आम्ही ओढून काढल्या. लोक जीपची पाठ थोपटत आणि मी उगाच फुशारून जाई.

काकांची एक खोड होती. चढ संपला तरी ते मला जागेवर ठेवत नसत. म्हणत, "असू दे, जोर जास्त असलेला बरा." कच्च्या रस्त्यावर ते खपून गेलं. वळणावर पुढची चाकं लांबचा फेरा घेतात, मागची जवळचा. मातीत चाक जरासं घसरतं आणि जमून जातं. पुढे तिथे सिमेंटचा रस्ता झाला. त्यावर चाक घसरेना, मग तो सगळा ताण चाकांना जोर पोचवणाऱ्या खालच्या लांब शाफ्टवर आला. ओलं धुणं पिळावं तसा तो बिचारा पिळला गेला आणि मी जागच्या जागी घट्ट अडकलो.

काकांनी ओढलं, शिव्या दिल्या आणि शेवटी पाना घेऊन माझ्या डोक्यात घातला. मुठीचा टवका उडाला, पण मी हललो नाही. चिडून त्यांनी तशीच जीप दामटली. पुढच्या वळणावर खाली धाडकन आवाज झाला आणि शाफ्टचा सांधा तुटला.

गॅरेजात नवा सांधा बसवून मिस्त्रींनी तुटका तुकडा काकांच्या हातावर ठेवला. "काका, माल चांगला होता. दांडा अडकला तर मारू नका. गाडी सरळ हातभर मागे घ्या, पीळ आपोआप सुटतो."

"तीस वर्षं गाडी चालवतोय. मला शिकवू नकोस," काका म्हणाले.

डॉक्टरबाई मात्र स्पष्ट बोलल्या, "काका, पुन्हा असं झालं तर जीप भंगारात जाईल."

त्यानंतर तीन महिने काकांनी मला हात लावला नाही. चढाची बोलावणी आली की बाई पायी जात. माझ्यावर धूळ साचली, कोळ्याने जाळं विणलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. चूक नसताना शिक्षा भोगत होतो ना!

मग एका दुपारी टेकडीवरून फोन आला. गाय अडली होती, पायी जाण्याइतका वेळ नव्हता. काकांनी जाळं पुसलं आणि मला ओढलं. मातीचा खडा चढ आम्ही दिमाखात चढलो. वर मात्र सिमेंटची चार वळणं होती. घाईत काका मला सोडवायला विसरले. दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग जड झालं, टायर किंचाळले. त्यांनी जीप थांबवून मला ढकललं. मी पुन्हा अडकलेला!

"काय झालं, काका?" शेजारून बाईंनी विचारलं.

"अडकलाय."

त्यांचा हात सीटखाली पान्याकडे गेला. मी जीव मुठीत धरला. पाना वर आला आणि माझ्या उडालेल्या टवक्यापाशी थांबला. मग पाना खाली ठेवून त्यांनी स्टिअरिंग सरळ केलं आणि जीप हातभर मागे घेतली. खाली 'टक्' झालं, शाफ्टने सुस्कारा सोडला आणि मी एका बोटाने जागेवर आलो.

संध्याकाळी वासरू लटपटत उभं राहिलं. डॉक्टरबाई हात पुसत म्हणाल्या, "भंगाराचं राहू द्या, काका."

परतताना काकांनी जीप मिस्त्रींच्या दारात उभी केली. "तू सांगितलंस तसंच केलं रे," एवढंच बोलले. त्यांना ते किती जड गेलं, हे मलाच ठाऊक!

मित्रांनो, जोराचं काम आम्ही आनंदाने करतो. फक्त काम झालं की आम्हाला मोकळं करा आणि अडलो तर मारू नका, हातभर मागे या. माझी मूठ बदलायची असं मिस्त्री म्हणत होते, काकांनी नको म्हटलं. आता चढ संपला की ते त्या टवक्यावरून अंगठा फिरवतात आणि मला सोडवतात.