टोल्यावरच्या दोन बोरिंग

दिव्यानी कोहपरेच्या वहीत खाडाखोड सापडली, तर शिक्षकच चष्मा पुसून पुन्हा बघत. दहावीला चौऱ्याण्णव टक्के, अकरावीत पहिली, आणि बारावी सायन्सला तर तिच्याच वह्या वर्गभर फिरायच्या. घरीदारी इतकं कौतुक झालं होतं, की चुकायची सवयच पोरीला लागली नाही. चुकलो म्हणायची तर त्याहून नाही.

तिच्या कॉलेजात प्रकल्प म्हणजे काय, हे पूर्वी सगळ्यांना नीट ठाऊक होतं. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल आणायची, पहिल्या पानावर आपलं नाव घालायचं आणि गुण घ्यायचे. एक प्रदूषणाची फाइल तर तीन वर्षं हिंडत होती. व्हाइटनरखाली आधीच्या दोघांची नावं वाचता येत. मग रसायनशास्त्राला भद्रावतीच्या रंजीता मॅडम आल्या आणि ही चैन संपली.

"ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि जे कोणाला तरी खरंच हवं आहे, असा प्रश्न शोधा," मॅडम म्हणाल्या. "वर्षभर त्याच्याच मागे लागा. रसायनशास्त्र आपोआप येईल."

दिव्यानी आणि तिची मैत्रीण ललिता यांनी कोसमवाही गावाच्या बोरिंग प्रकल्पाला घेतल्या. आपल्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. गावात आणि नाल्याकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, मिळून एकवीस बोरिंग. कोणत्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे ते शोधायचं, कारण त्या पाण्याने पोरांचे दात पिवळे पडतात आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकतात. मॅडमनी एक किट दिली. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी राहिला तर पाणी चांगलं, पिवळ्याकडे झुकला तर वाईट. रंग तक्त्याशी जुळवून आकडा लिहायचा, आणि दीडच्या वर गेला की ते पाणी प्यायचं नाही. बाटली होती तीस तपासण्यांपुरती.

एकोणीस बोरिंग पोरींनी अगदी इमानाने तपासल्या, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकून त्यांच्यावर नुसतेच तुटून पडाल. उन्हातान्हात सायकली हाणल्या, काटे मोडून घेतले, कुत्रीही मागे लागली. पण प्रकल्पाचा व्हिडिओ करायचा होता. दिव्यानीला तो नीटच हवा. कधी ओढणी उडाली, कधी मागून बकरी आली, कधी ती 'फ्लोराईड' म्हणताना अडखळली. तो गुलाबी रंग अकरा वेळा कॅमेऱ्यासमोर झाला, आणि टोल्यावरच्या दोन बोरिंग उरलेल्या असताना बाटली आडवी केली तर थेंबही पडेना.

"मॅडमले सांगू ना," ललिता म्हणाली. "नवीन बाटली मागवतीन त्या चंद्रपुरातून."

"काय सांगू? रील बनवण्यात संपवली म्हणून? परवा सादरीकरन हाय, बाई."

"मंग एकोणीसच दाखवू."

"एकवीस लिहून दिल्या आपण. दोन कमी काऊन, असं नाई विचारनार?"

दिव्यानीने पेन काढलं. टोल्यावर एक बोरिंग सुगंधाबाई नावाच्या म्हातारीच्या दारात होती, दुसरी नाल्यापलीकडे, जुन्या अंगणवाडीजवळ. आधी तिने दोन्हींपुढे शून्य पूर्णांक सात लिहिलं. मग थांबली. सारखे आकडे खोटे दिसतात, हे तिला कळत होतं. हुशार होती ना! दोन आकड्यांत फरक असला की खरेपणा येतो. म्हणून तिने पहिला, सुगंधाबाईंच्या बोरिंगचा आकडा खोडून दोन पूर्णांक तीन केला. पहिलाच का? तर तो वरच्या ओळीत होता म्हणून. एवढंच कारण, दुसरं कोणतंही नाही.

ललिता सायकलच्या घंटीशी खेळत राहिली.

प्रकल्प जिल्ह्यात पहिला आला. परीक्षकांनी टोल्यावरच्या फरकाचं खास कौतुक केलं. एकाच टोल्यावर, हाकेच्या अंतरावर, पाण्यात इतकं अंतर! ही बारकाई मुलींनी टिपली, म्हणाले. दिव्यानीने मान खाली घातली आणि लोकांना ती विनयशील वाटली. मॅडमनी यादी सरपंच वारलूभाऊंकडे दिली. वारलूभाऊ कामाचा माणूस. सरकारी माणूस येऊन पुन्हा तपासेल तेव्हा तपासेल, म्हणाले, आणि आठ दिवसांत रंगाचे डबे आणून खराब बोरिंग लाल आणि चांगल्या हिरव्या करून टाकल्या.

हे दिव्यानीला कळलं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या चाचणी परीक्षा होती. मग दिवाळी आली. मग कॉलेजच्या फाटकावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला, आणि फ्लेक्स लागल्यावर माणूस कसा सांगणार? टोल्याच्या वाटेने जायचं मात्र तिने सोडून दिलं. मामाचं घर त्या वाटेवर होतं, तरीही.

सव्वीस जानेवारीला कोसमवाहीच्या ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला आणि मुलींचा सत्कार ठेवला. ललिताने तापाचं निमित्त सांगितलं. ताप नव्हता, हे दिव्यानीला ठाऊक होतं. ती एकटीच खुर्चीवर बसली, शेजारी मॅडम, समोर गाव. शाल द्यायला वारलूभाऊंनी टोल्यावरच्या सुगंधाबाईंना बोलावलं. बाई साठीच्या, गुडघ्यांनी वाकलेल्या. पाणी भरून परस्पर आल्या होत्या, म्हणून स्टीलचा भरलेला गुंड, पाण्याचा हंडा, मांडवाच्या खांबाशी ठेवून त्या स्टेजवर चढल्या. दोनदा थांबून चढल्या. नात करिश्मा पदराला धरून होती.

शाल देऊन बाईंनी माईकच धरला. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना बोलायचं होतं.

"माह्या दारात बोरिंग हाय. वीस वर्स तेच पानी पेलो. या पोरीनं कागद लिवला, तवापासून मी थेंब नाई घेतला. नाल्यापल्ल्याडून आनतो. सकाळी दोन खेपा, सांजच्याला दोन. गुडघे लय दुखते, पन ह्या पोट्टीचे नवे दात येऊन राह्यले ना." त्यांनी करिश्माची हनुवटी वर केली. पोरीने पुढच्या रिकाम्या हिरड्या दाखवल्या आणि सगळे हसले. "एक दिवस चोरून दारातलं पेली, तं मी हिले झोडपलं. कधी हात नोयता लावला. अन् आमची शेजारीन रुखमाबाई म्हने, पानी चांगलं हाय, पोट्ट्या काहीबाई लिवते. तिच्यासंगं मी बोलनं सोडलं. शिकल्यासवरल्या लेकराचं नाई आयकाचं तं कोनाचं आयकाचं?"

टाळ्या पडल्या. बायकांच्या रांगेत एक बाई टाळ्या न वाजवता मान खाली घालून बसली होती. ती रुखमाबाई, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

दिव्यानीला शरमेने कानांच्या पाळ्या तापल्यासारखं झालं. म्हातारीच्या चार खेपा, पोरीला बसलेला मार, दोन शेजारणींचं तुटलेलं बोलणं, आणि हे सगळं कशासाठी? वरच्या ओळीतला आकडा खरा दिसावा म्हणून. आणि ते नाल्यापलीकडच्या हिरव्या बोरिंगचं पाणी? त्याचंही तिला काही ठाऊक नव्हतं. तीन महिने ती पोर तेच पीत होती.

"दिव्यानी, दोन शब्द बोल," मॅडम म्हणाल्या.

भाषण पाठ होतं. ती उठली, माईक धरला, आणि 'सन्माननीय व्यासपीठ'पर्यंत आली. पुढचं येईना. समोर करिश्मा मांडवाच्या खांबाला धरून गरगर फिरत होती.

"टोल्यावरच्या दोन बोरिंग मी तपासल्या नाई," ती म्हणाली. "औषध संपलं होतं. मी आकडे मनानंच लिवले. दोन्हीचे. ललिताची चूक नाई, ते नको म्हनत होती."

आधी कोणाला समजलंच नाही. मागे कोणीतरी अजून हसत होतं. मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तक्त्यावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी टोल्यावर एकदाही गेले नाही. तिने लिहिलंय म्हटल्यावर बघायची गरजच वाटली नाही मला. चूक माझीही आहे. नवीन बाटली मागवते, आठ दिवसांत दोन्ही पुन्हा तपासू."

दिव्यानीला वाटलं, आता सुगंधाबाई शिव्या देतील. द्याव्यातच, असं तिला मनापासून वाटत होतं. एक थोबाडीत बसली असती तरी बरं झालं असतं. पण बाई रागावल्याच नाहीत. त्यांना अजून हिशेब लागत नव्हता. त्या खांबाशी गेल्या, गुंडातल्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग सगळं पाणी तिथेच मातीत ओतून दिलं. सकाळची अख्खी खेप.

"मंग आठ दिवस कोन्तं पानी पाजू हिले?" त्यांनी विचारलं. "दारातलं का नाल्यापल्ल्याडचं?"

"दोन्ही नको, आजी." दिव्यानी धावत खाली उतरली. पंचायतीच्या दारातच एक हिरवी बोरिंग होती, तिकडे तिने हात केला. "हे भरा. हे चांगलं हाय. मी आणून देत जाईन रोज टोल्यावर, तुम्ही चालू नका. आना तो गुंड."

तिने हात पुढे केला. सुगंधाबाईंनी गुंड दिला नाही. कमरेवर घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. नजरेत राग नव्हता. बाजारात अनोळखी माणसाला भाव विचारताना असते तेवढीच चौकशी होती.

"हे तरी तपासलं होतं का, मॅडम?"

मघाशी माईकवर बाई दिव्यानीला पोरगी म्हणाल्या होत्या.

"हो. देवाशपथ. दोनदा तपासलं. गुलाबीच राह्यलं होतं."

बाईंनी मागे वळून बायकांच्या रांगेकडे बघितलं. रांगेतून रुखमाबाई उठली, तिने रिकामा गुंड सुगंधाबाईंच्या कमरेवरून काढून आपल्या कमरेवर घेतला, आणि दोघी करिश्माला मध्ये घेऊन टोल्याच्या वाटेला लागल्या. वारलूभाऊ माईकवर सांगू लागले, की सगळ्याच एकवीस पुन्हा तपासून घेऊ, तोवर लाल-हिरव्याचा भरोसा कोणी धरू नका. बायका घाईने उठल्या. पंचायतीच्या दारातल्या बोरिंगचा दांडा दिव्यानीने धरला आणि दोनदा हापसला. पाणी आलं, चांगलं पाणी, तिने स्वतः तपासलेलं. एकीनेही गुंड खाली लावला नाही.