आ वासून झोपलेला

घरच्या थोरल्या सुनेने दूरशिक्षणाच्या चित्रकला वर्गात नाव घातलं, तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आल्यावर फोनवर सरांचं ऐकत कागद काळे करायचे. "असू दे, तेवढाच विरंगुळा," असं नवराच म्हणायचा. मग तोच अंथरुणाला खिळला. लिव्हर कामातून गेलं होतं. त्याच्या उशाशी बसून बसून थोरलीला काढायला दुसरं काही उरलंच नाही, म्हणून तिने त्यालाच काढलं. बरगड्या, सुजलेली पावलं, उशीत रुतलेलं डोकं.

"नाक जरा सरळ काढ," तो म्हणायचा. "फुकटचं मॉडेल मिळालंय, तर चेष्टा लावलीस होय?"

तो गेला. पुढच्या वर्षी संस्थेने विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि सरांनी थोरलीची काही चित्रं निवडली. हे कानावर पडताच धाकटा दीर तडक घरी आला.

"वहिनी, दादाला असं चव्हाट्यावर मांडणार तुम्ही? नुसता हाडांचा सापळा राहिला होता! लोकांनी त्याला धडधाकट पाहिलाय, तसाच राहू द्या की."

"मी त्यांना विचारलं होतं, भाऊजी."

"आणि तो तुम्हाला नाही म्हणणार होता?"

खरंच, तो थोरलीला कधी कशाला नाही म्हणाला नव्हता.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मुलाच्या आजारपणात त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायच्या, पेज हातात द्यायच्या आणि मागे फिरायच्या. त्याबद्दल त्यांना कुणी कधी बोल लावला नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी मात्र त्या लुगडं बदलून दारात उभ्या राहिल्या. "मी येते."

वाचनालयाच्या वरच्या दालनात आजवर एकमेकांना न भेटलेली माणसं आवाजावरून ओळखी पटवत होती. सर थोरलीच्या खांद्यालाच लागत होते. "फोनवर मी उंच वाटतो, असं सगळेच म्हणतात," ते हसून म्हणाले.

थोरलीला हसू आलं नाही. रात्रभर दिराचं बोलणं डोक्यात घोळत होतं. तिने शेवटच्या चित्राकडे बोट दाखवलं. नवरा झोपलेला, गाल बसलेले, तोंड सताड उघडं.

"सर, एवढं काढून ठेवा."

सरांनी हुज्जत घातली नाही. ते स्टुलावर चढले, चौकटीला हात घातला.

"थांबा हो जरा," सासूबाई म्हणाल्या.

त्या चित्रापाशी गेल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा चढवला आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"असाच झोपायचा मेला," त्या म्हणाल्या. "आ वासून. पाळण्यात होता तेव्हापासून. माशी जाईल म्हणून मी हनुवटी वर ढकलायची, की हा कूस बदलायचा."

थोरलीने त्यांचा दंड धरला.

"मी आत आलेच नाही गं. म्हटलं, माझा मुलगा मला ओळखू येणार नाही. पण हा तर तोच आहे." त्यांनी नाक पुसलं. "राहू दे हे इथेच. धाकट्याचं मी बघते."

सरांनी चौकट सरळ केली आणि ते खाली उतरले. सासूबाईंनी खुर्ची मागवली आणि संध्याकाळपर्यंत त्या चित्राशेजारी बसून राहिल्या. कुणी थबकलं, की विचारायच्या आतच सांगायच्या, "माझा थोरला."

दीर काही आला नाही. आईने फोन केला तेव्हा "तुम्हा दोघींना पटलं ना, मग झालं," एवढंच म्हणाला. पुढे तो येत-जात राहिला, पण चित्रांचा विषय त्याने कधी काढला नाही. थोरलीनेही त्याला डिवचलं नाही. त्याचा भाऊ त्याने स्वतःच्या मनात जसा ठेवला होता तसाच राहावा, असंच तिला वाटलं.