लाल गाडीवरचा आळ

मित्रांनो, कोपरखैरण्याच्या बोनकोडे गावात एका तीन मजली घराच्या जिन्याखाली लाल रंगाची, धुळीनं माखलेली मोटरसायकल उभी आहे. ती मी. दीडशे सीसीची, दिसायला शर्यतीच्या गाडीसारखी, वयानं सहा वर्षांची. माझ्यावर एक खोटा आळ आला होता. घराबाहेर माझी बाजू मांडणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कारखान्यातून निघून मी वाशीच्या एका शोरूममध्ये आले. तिथे माझ्या शेजारी चारशे सीसीची काळी गाडी होती. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडेच जाई. एका रविवारी जागृती आली. ऐरोलीच्या एका कंपनीत ती नुकतीच नोकरीला लागली होती. सोबत तिचे वडील धर्मराज आणि चुलतभाऊ तेजस होते.

"चारशेची घे ना," तेजस म्हणाला. "ही काय, खेळणं आहे. हायवेला पळणार तरी का?"

जागृती काळीवर बसली. तिचे चवडे कसेबसे टेकले. गाडी सरळ करताना ती एका बाजूला कलली आणि सेल्समननं धावत येऊन सावरलं. मग ती माझ्यावर बसली. हँडल दोन्हीकडे फिरवून पाहिलं.

"हीच," ती म्हणाली. "मला गाडी चालवायचीय, मिरवायची नाय."

धर्मराज हसले. "तुला झेपल ती घे पोरी. मना काय कलतं यातलं?"

मोठी सोडून तिनं मला निवडलं होतं. तिचं ते वाक्य मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. दर रविवारी सकाळी ती जुन्या टूथब्रशनं माझी चेन घासायची, तेल द्यायची. तळोज्याच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर अस्मिता मॅडम गाडी वळवायचं शिक्षण देत. तिथे आम्ही मोठमोठ्या गाड्यांना वळणावर मागे टाकलं. मॅडम म्हणाल्या, "ह्यांच्याकडे ताकद आहे, पण वापरायची भीती वाटते. तू छोट्या गाडीचा कण न् कण वापरतेस." त्या दिवशी जागृतीनं माझ्या टाकीवर थाप मारली. आजही ती थाप आठवते.

मग तिच्या ऑफिसात मोठ्या गाडीवाल्यांचा ग्रुप तयार झाला. त्यांच्याबरोबर आम्ही लोणावळ्याला निघालो. चढाला ते सगळे पुढे निघून गेले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा चहासुद्धा पिऊन झाला होता. "काय जागृती, सायकल आणलीस का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. जागृतीही हसली. मला वाटलं होतं, ती माझ्या बाजूनं एक शब्द तरी बोलेल.

त्यानंतर ती मला ऑफिसच्या मागच्या गल्लीत उभी करू लागली. रविवारचा टूथब्रश कुठे गेला कळलं नाही. सर्व्हिसिंग चुकलं, मग पुन्हा चुकलं. माझा पुढचा ब्रेक खरखरू लागला. एकदा पंक्चर काढायला ती मेकॅनिक रूपेशकडे थांबली, तेव्हा त्यानं चाक फिरवून पाहिलं.

"ताई, ब्रेकचे पॅड संपलेत. लोखंडावर लोखंड घासतंय. आताच बदलतो, अर्धा तास लागेल."

"आज नको दादा, उशीर होतोय. पुढच्या आठवड्यात येते."

तिची धाकटी बहीण उन्नती तिथेच उभी होती. तिनंही हे ऐकलं.

पुढच्या शनिवारी जागृती उन्नतीला मागे बसवून वाशीला निघाली. सिग्नलपाशी पुढची रिक्षा अचानक थांबली. जागृतीनं ब्रेक दाबला. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझ्याकडे थांबवायला उरलंच काय होतं? आम्ही रिक्षावर आदळलो. उन्नती रस्त्यावर फेकली गेली. तिचं डावं मनगट मोडलं. ती कॉलेजच्या कबड्डी संघात होती, त्या वर्षीचे सगळे सामने हुकले.

संध्याकाळी धर्मराजनी विचारलं, "झालं काय?"

"गाडीनं धोका दिला, बाबा," जागृती म्हणाली. "ब्रेकच लागला नाय. छोट्या गाडीचा काय भरवसा?"

जिन्याखालून मी हे ऐकलं. माझं हँडल वाकलं होतं, दिवा फुटला होता, पण मोडले ते या वाक्यानं. उन्नती प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. ताईला बोल लागेल म्हणून तीही गप्प राहिली.

महिन्याभरात चारशेची काळी गाडी दारात आली. तिला हार घातला. मला जिन्याखाली ढकललं.

सात महिने गेले. काळीचंही सर्व्हिसिंग राहूनच गेलं. परवा सकाळी जागृतीनं उन्नतीला हाक मारली, "बस, कॉलेजला सोडते." काळी गाडी फाटकापाशी थांबली आणि तिच्या पुढच्या चाकातून तीच खरखर आली. मी ती ओळखली. उन्नतीनंही ओळखली.

"आधी रूपेशदादाकडे जाऊ. मग बसते."

"नवीन गाडी आहे गं! काय टेन्शन घेतेस?"

"मागच्या वेळी पण गाडीची चूक नव्हती, ताई. ब्रेकचे पॅड संपलेत म्हणून दादानं तुला सांगितलं होतं. मी तिथंच होते."

ओट्यावर पेपर वाचणाऱ्या धर्मराजनी मान वर केली. "खरं हाय का गो ह्यं?"

जागृतीनं गाडी बंद केली. मग खाली बघत म्हणाली, "हो, बाबा."

"मंग गाडीवं कशाला ढकललंस?"

उन्नती बसने कॉलेजला गेली. जागृती काळी गाडी ढकलत गॅरेजकडे निघाली. माझ्यासमोरूनच गेली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

काल मला विकत घ्यायला एक जण आला. "अपघाताची ना? ब्रेक फेल झाला होता?" त्यानं विचारलं. आता तरी ती खरं सांगेल असं मला वाटलं. "झालं ते जुनं," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, छोटी गाडी पुरत नसेल तर खुशाल मोठी घ्या, त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्या हातून राहिलेलं काम आमच्या माथी मारू नका. गाडी खरखरली तर त्याच दिवशी थांबा. मागे बसलेल्या माणसाला ब्रेक दाबता येत नाही.