नऊ वेळा गेलेलं माप

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा हा पांढरा डाग खरवडू नका. तो प्लास्टरचा आहे आणि मला तो दागिन्यासारखा वाटतो. मी कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारागिराचा जुना मोबाइल. माझ्याबरोबर कारखान्यातून हजारो भावंडं बाहेर पडली, पण प्लास्टरने माखलेली बोटं माझ्याच नशिबात होती.

त्या कारागिराला सगळे मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांची कार्यशाळा होती. मास्तर माप घेत आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, साचा ओतून पाय घडवत. दोघांचा एक कडक नियम होता. माप तोंडी सांगायचं नाही, लिहून मेलनेच पाठवायचं. फार पूर्वी मास्तरांनी घाईघाईत एका आजोबांचं माप आठवणीने सांगून टाकलं होतं. पाय बोटभर आखूड झाला आणि आजोबा जिन्यावरून पडले. तेव्हापासून समोरच्या टेबलावर बसलेल्या वहिनींनासुद्धा माप मेलनेच जाई.

"लग्नाआधी एक चिठ्ठी लिहिली नाहीत, आणि आता रोज पत्रं!" वहिनी म्हणत.

मला घरी आणलं तेव्हा माझ्यातली मेल वहिनींनीच बसवली. पहिलं पत्र झटक्यात गेलं, तशी त्यांनी माझी पाठ थोपटली. चार वर्षं त्या खोलीतून मी एकही पत्र अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मी थोडा चढूनही गेलो होतो.

मग मास्तर प्रथमच मला घेऊन परगावच्या रुग्णालयात गेले. तिथे आठ वर्षांची एक मुलगी होती. ती वाढली होती, पण तिचा कृत्रिम पाय काही वाढत नव्हता. तो आता टोचायचा, म्हणून तिचे बाबा तिला कडेवर घेऊन शाळेत पोचवत. नवा पाय तपासून देणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच तिथे येत. या वेळी ते शनिवारी येणार होते. आम्ही गेलो त्याच दिवशी चारच्या आत माप पोचलं, तरच वहिनींचा पाय शनिवारपर्यंत तयार होणार होता. नाहीतर आणखी एक महिना.

"मला नाही जायचं कडेवर," मुलीने मास्तरांना बजावलं. "सगळे हसतात. मी काय तान्ही आहे?"

मास्तरांनी दोनदा मोजून माप घेतलं, कागदावर लिहिलं. मी फोटो काढला. रुग्णालयाचं नेट जोडून त्यांनी 'पाठवा' दाबलं, आणि पत्र आउटबॉक्समध्येच बसून राहिलं. त्यांनी तेच पत्र पुन्हा नव्याने लिहिलं. तेही बसलं. मास्तर मला घेऊन खिडकीशी गेले, जिन्यात गेले, मला बंद-चालू करून दमले, शेवटी गच्चीवर हात उंच करून उभे राहिले. आउटबॉक्समध्ये नऊ पत्रं साठली.

"म्हातारा झालाय हा! घरी गेलो की मोडीतच काढतो," मास्तर कडाडले.

मला फार लागलं ते, मित्रांनो. मी मुद्दाम अडून बसलो नव्हतो. पत्र नेणारा सर्व्हर दर वेळी मला विचारत होता, तू कोण? आणि त्याला सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. 'पाठवता आलं नाही' एवढंच मी काचेवर दाखवू शकत होतो.

तीन वाजून गेले. मुलीचे बाबा चुळबुळत म्हणाले, "मास्तर, फोनवर सांगून टाका ना आकडे."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. "नको. पडली तर ती पडेल, मी नाही," ते म्हणाले.

सिस्टरांनी काउंटरवरचा फोन पुढे केला. मास्तरांनी एका हातात रिसीव्हर धरला, दुसऱ्या हातात मला, आणि घरी फोन लावला.

"अगं, मेल जात नाही. हा मोबाइल कामातून गेला."

"येणारी मेल येतेय का?" वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"येतेय की. 'माप कुठंय' म्हणून तुझीच तीन आली."

"मग नेट धड आहे आणि मोबाइलही. उगाच त्याच्यावर खेकसू नका." मग त्याच म्हणाल्या, "अहो, चूक माझी आहे. आपलं घरचं इंटरनेट आणि मेल एकाच कंपनीची. घरून पत्र निघालं की कंपनीवाले नाव विचारत नाहीत. म्हणून जाणाऱ्या मेलचं नाव नि पासवर्ड मी भरलंच नव्हतं. परक्या नेटवरून ते तुम्हाला कसं ओळखणार?"

मग त्या एकेक पायरी सांगत गेल्या. "सेटिंगमध्ये जाणारा सर्व्हर उघडा. पासवर्ड विचारायचं चालू करा. पोर्ट, म्हणजे पत्र बाहेर जायचं दार, तिथे पंचवीस असेल, ते पुसून पाचशे सत्त्याऐंशी लिहा. झालं? आता मेलचा पत्ता घाला."

"घातला. आणि पासवर्ड?"

"तुम्हाला पाठ आहे तो. त्या आजोबांचं खरं माप."

 मास्तरांनी एकेक आकडा न अडखळता घातला.

पहिलं पत्र सुटलं. मागोमाग उरलेली आठ. घड्याळात पावणेचार वाजले होते.

"आलं, आलं!" रिसीव्हरमधून वहिनी ओरडल्या. "अहो, नऊ आलीत! मुलीला पाय हवेत तरी किती?"

"एकच गं," मास्तर म्हणाले, आणि डोळे पुसता पुसता हसले. मग मलाही त्यांनी शर्टाला पुसलं. "चुकलं बाबा माझं," असं अगदी हळू म्हणाले.

शनिवारी डॉक्टरांनी पाय तपासून होकार दिला. मुलगी दारापासून खिडकीपर्यंत चालली. सवयीने बाबांनी तिला उचलायला हात पुढे केले, तर ती त्यांना चुकवून पुढे निघून गेली. तिचा फोटो मी तिथूनच वहिनींना पाठवला, पहिल्या फटक्यात.

आता मी टेबलाच्या खणात असतो. मास्तरांकडे नवा मोबाइल आहे. ते परगावी निघाले की वहिनी आधी त्याला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत नेतात आणि घरचं नेट तोडून स्वतःलाच एक पत्र पाठवून बघतात. तुम्हीही तसं करत जा. आणि एखादी वस्तू अडली, तर तिच्यावर ओरडण्याआधी तिला काय द्यायचं राहून गेलंय ते जरा पाहा.

परवा वहिनींनी मला चार्ज करून टेबलावर ठेवलं. ती मुलगी पुन्हा वाढली आहे, नव्या मापासाठी आली होती. माझ्यातली ती नऊ पत्रं तिने एकेक करून मोजली.

"ही अजून का ठेवलीत?" तिने विचारलं.

 मास्तरांनी माप घ्यायची फीत काढली. बाबा बाहेर रस्त्यावरच थांबले होते. ती आत एकटीच चालत आली होती.