पिल्लाचं काडतूस

आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावाने, आजवर किती रानडुकरं मारली, हे त्यांच्या बैठकीतल्या फळीवर मांडून ठेवलेलं असायचं. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, मातीने आणि धुराने काळवंडलेल्या, एका रांगेत. एक पुंगळी म्हणजे एक डुक्कर. रांगेच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी एक बुटकी पुंगळी होती. कुणी तिच्याबद्दल विचारलं की पुंडलिकराव, म्हणजे आमचे भासरे, मिशीवरून हात फिरवत सांगत, "ते पिल्लाचं काडतूस हाय. पिल्लाले मोठं वापरलं तं पाप लागते."

लोक माना डोलवत. चहा भासऱ्यांच्या घरचा असे, त्यामुळे माना डोलवायला कुणाचं काही जात नव्हतं.

मेलेलं डुक्कर मात्र दारव्हा तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. ते दरवेळी नाल्यापलीकडे जाऊन पडे. बार कसा ऐकू आला नाही म्हणावं, तर वारं उलटं होतं. नाल्याकाठचं आमचं वावर, माझं आणि माझे यजमान देवराव यांचं, भासऱ्यांच्या मचाणाला लागूनच आहे. मागच्या वर्षी डुकरांनी आमची तूर त्या मचाणाच्या बुडाशी उभं राहून खाल्ली. वरून येणाऱ्या घोरण्याची त्यांना सवय झाली असावी.

या वर्षी ती तूर मला घरात आणायची होती, आणि उपाय एकच दिसत होता. शेजारच्या वावराचा मालक संघदीप सीमेवर बंदूक वाहून निवृत्त झालेला. त्याने पीक राखण्यासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला होता आणि त्याला गावाचा ठराव लागत होता. मागच्या ग्रामसभेत भासरे उठून म्हणाले, "एका शिवारात दोन बंदुका झाल्या तं डुक्कर गोंधळते." ठराव पडला. हसू नका, याच वाक्यावर पडला. खरं कारण कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. संघदीपच्या वस्तीतल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक आली असती, तर भासऱ्यांच्या खांद्यावरचीला कोण विचारणार होतं?

मी यजमानांना म्हटलं, तुम्ही सांगा की भावाला. ते म्हणाले, "दादापुढं कसं बोलू?" आणि मी तर धाकट्याची बायको. आमच्याकडे सुनेने भासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं, भासरे पुढ्यात बसलेले असले तरी. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्यातला निरोप्या म्हणजे माझ्या जाऊबाई, कोकिळाबाई.

दसऱ्याला भासऱ्यांनी बेत केला. शस्त्रपूजेला गाव बोलवायचं, सोनं द्यायचं, फराळ घालायचा आणि दुसऱ्या बंदुकीची गरज नाही असं चार मोठ्या माणसांकडून वदवून घ्यायचं. पुढची ग्रामसभा मग नावापुरती. दिवसही हेरून धरलेला. संघदीप आणि त्याची सगळी वस्ती त्या दिवशी नागपूरला, दीक्षाभूमीवर. आयुष्यात भासऱ्यांचा नेम तेवढा एकदाच अचूक लागला.

पण पाटावर अशा कळकट पुंगळ्या कशा मांडणार? त्या चमकल्या पाहिजेत, असं भासऱ्यांच्या मनाने घेतलं, आणि तिथून घरात जे सुरू झालं ते काय सांगू.

आधी त्यांनी स्वतः राख आणि तारेची घासणी घेतली. दोन पुंगळ्या अशा ओरबाडल्या गेल्या की डुकरानेच सूड घेतला म्हणावं. मग त्यांचा मुलगा अक्षय मोबाईल घेऊन आला. बाहेरच्या देशात लोक झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात, म्हणून आधी त्या धुतात, आणि त्याचं म्हणे यंत्र असतं. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून पुंगळ्या त्यात तासन्‌तास फिरवायच्या. आमच्याकडे अक्रोड बाळंतिणीलासुद्धा मोजून मिळतो. अक्षयने दिग्रसच्या जिनिंगमधून सरकी आणली आणि जाऊबाईंचं वॉशिंग मशीन लावलं. वरातीचा बँड घरात शिरल्यासारखा आवाज झाला. मशीन कायमचं बसलं, आणि पुंगळ्या निघाल्या त्या कानात बोळा घातल्यासारख्या, आत सरकीचा कापूस गच्च.

"चिंच लावते ना मी," जाऊबाई म्हणाल्या.

"चिंचेनं पुंगळी आंबते," भासरे म्हणाले. "उद्या भरायची म्हटली तं बार फुसका जाते."

भरायच्या कशाला होत्या, देव जाणे. शेवटी त्या घरातली सगळी कामं जिथे येतात तिथेच हेही आलं, मागच्या अंगणात, आमच्या दोघींपुढे.

जाऊबाईंनी काडीने कापूस काढला, गरम पाण्यात चिंच कोळली, मीठ टाकलं आणि देवाच्या समया, घंटा, पळी यांच्यासोबत पुंगळ्याही भिजत घातल्या. "लय वेळ नको ठेवू व, लाल पडते पितळ," असं त्या सांगत होत्या तोवर एक तांब्यासारखी लालसर झालीच. बाकीच्यांना काथ्याने घासलं. काजळी निघाली, माती निघाली, आणि सोन्यासारखं पितळ वर आलं. त्यासोबत बुडावरची अक्षरंही वर आली.

मी एक पुंगळी उन्हात धरली. बुडावर काडतुसाचं माप कोरलेलं, ७.६२. दुसरी पाहिली, तेच. बुटकी सोडून सगळ्यांवर तेच. भासऱ्यांची रायफल तीनशे पंधराची, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण भासरे तो आकडा आडनावासारखा सांगतात. त्यांची न झाडलेली काडतुसं कपाटातल्या डब्यात जशीच्या तशी असत. जाऊबाई उठल्या, एक घेऊन आल्या, पालथं केलं. बुडावर ३१५.

जाऊबाईंनी दोन्ही बुडं शेजारी धरून पाहिली. मग म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. भंगारवाल्याकडून आले की यांच्या पिशवीत पुंगळी रायची. जंगलातून आले की नाई."

तो भंगारवाला पोलिसांच्या गोळीबार सरावाच्या, चांदमारीच्या मैदानाला लागून दुकान लावून बसतो. आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

मला हसू येत होतं आणि संतापही. ज्या पुंगळ्यांनी संघदीपचा ठराव पाडला, माझी तूर डुकरांच्या पोटात घातली, त्या भंगारातून आणलेल्या होत्या.

दसऱ्याला बैठक भरली. पाटावर रायफल, तिला झेंडूचा हार, पुढे डब्यातली काडतुसं आणि त्यापुढे लखलखत्या पुंगळ्या. फक्त त्या उभ्या नव्हत्या, पालथ्या होत्या, बुडं वर करून. भासऱ्यांनी डोळे वटारले तशा जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "धुतलेलं भांडं पालथंच ठेवतात."

भासऱ्यांनी फेटा सावरून भाषण सुरू केलं. शिवाराची राखण, बापजाद्यांची बंदूक, एका गावाला एकच पुरे. तेवढ्यात तांड्याचे नाईक प्रेमसिंग सोनं द्यायला पाटापाशी वाकले आणि तसेच राहिले. त्यांनी चष्मा लावला.

"पुंडलिकराव, तुमची तं तीनशे पंधरा ना? याच्यावर सात बासष्ट काहून लिहून हाय?"

बैठकीतली सगळी डोकी पाटाकडे वळली. भासऱ्यांनी फेटा पुन्हा सावरला, आणि मग त्यांना सुचलं. सुचायला नको होतं.

"ते वजन हाय," ते म्हणाले. "डुकराचं. मी कोरून घेतो ना नंतर."

कुणी हसलं नाही. काही जण तर माना डोलवायच्या बेतात होते. चिवडा हातात होता. आता नाही बोलले तर या वर्षीची तूरही गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पदर पुढे ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जाऊबाई, जरा विचारा ना. पिल्लाच्या काडतुसावर नऊ लिहून हाय. मंग पिल्लू मोठ्या डुकरापेक्षा भारी होतं का?"

जाऊबाई नवऱ्याकडे वळल्या आणि एक शब्द इकडचा तिकडे न करता म्हणाल्या, "ते विचारून राह्यली, पिल्लू मोठ्या डुकरापेक्षा भारी होतं का."

आधी प्रेमसिंग खोकले. मग कुणाच्या तरी नाकातून चिवडा निघाला, आणि मग बैठकच फुटली. माझे यजमान भिंतीकडे तोंड करून हसत होते, पण हसत होते.

"तिले सांग..." भासरे गरजले.

"तुमीच सांगा," जाऊबाई म्हणाल्या. "समोरच उभी हाय."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हाताला लागलं ते आपट्याचं पान पुढे केलं. मी घेतलं. त्या दिवशी कुणाकडूनही काही वदवून घेतलं गेलं नाही.

ग्रामसभेत संघदीपचा ठराव आला तेव्हा सूचक म्हणून सर्वांत आधी कोण उठलं असेल? "मी पयलेपासूनच म्हणून राह्यलो," भासरे म्हणाले. गावानेही ते मान्य केलं. गाव असंच आहे, त्याला कुणीतरी उठून म्हणावं लागतं, खरं असो की नसो. संघदीप नुसता हसला.

परवाना हाती पडेपर्यंत तूर शेंगेवर आली होती. त्या संध्याकाळी मी आणि जाऊबाई अंगणात तांदूळ निवडत होतो. नाल्याकडून डुकरं उतरल्याचा गलका झाला, आणि संघदीपने हवेत पहिला बार काढला.

सगळ्या गावाने तो ऐकला. वारं त्या दिवशीही उलटंच होतं.

जाऊबाईंच्या मांडीवरचं सूप सांडलं. इतकी वर्षं बंदूकवाल्याचा संसार केलेली ती बाई नाल्याच्या दिशेने बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "असा आवाज असते व?"