कोटाचे आठ किलो

मी एक जुना वजनकाटा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर भरवसा नाही. तुम्ही अजून माझ्यावर उभे राहिलेला नाहीत. उभे राहा, भिंतीवरचा हात काढा, रोखून धरलेला श्वास सोडा, मग आपली ओळख झाली असं म्हणू.

हा स्वभाव जन्मापासूनचा नाही. ओतकामाच्या कारखान्यात माझा लोखंडी पाट तयार झाला तेव्हा मी अगदी भोळाभाबडा होतो. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या तबकडीवर शून्यापासून दोनशेपर्यंत रेघा काढल्या, मधोमध लाल सुई बसवली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल, आता खरं बोल." मला वाटलं, जगात सगळे खरंच बोलत असतील.

पहिली नोकरी लोकरीच्या गोदामात लागली आणि माझे डोळे उघडले. विकणारा लोकर पाण्यात भिजवून आणायचा. घेणारा बुटाचं टोक हळूच माझ्या पाटाखाली घालून तो वर उचलायचा. दोघेही एकमेकांकडे बघून गोड हसायचे. बारा वर्षं मी तिथे काढली. तेव्हापासून कोणी हसत हसत माझ्याजवळ आलं की माझी स्प्रिंग आपोआप ताठ होते.

गोदाम बंद पडलं आणि मी डोंगराच्या पायथ्याशी, रोपवेच्या खोलीत आलो. इथून एक छोटी ट्रॉली वर टोकावरच्या विश्रामगृहाकडे जाते. ट्रॉलीला चारशे किलोच झेपतात, म्हणून प्रत्येकाला तोलल्याशिवाय वर सोडत नाहीत. रोपवे चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो वर्गात हजेरी घ्यावी तशी प्रत्येकाचं वजन मोठ्याने पुकारतो आणि पाटीवर लिहितो. पाटावर जे येईल ते पुकारायचं, असा इथला नियमच आहे. एकदा पुकारणारा माणूस हळू आवाजाचा होता, लिहिणाऱ्याने आकडा चुकीचा ऐकला आणि ट्रॉली मध्येच दोन तास लटकली. तेव्हापासून खोलीतल्या सर्वांना ऐकू जाईल असंच पुकारायचं.

मधे माझेही वाईट दिवस आले. विश्रामगृहाच्या मालकाने बॅटरीवर चालणारा एक चपटा काटा आणला आणि मला डिझेलच्या डब्यांमागे ढकललं. तीन हिवाळे मी गंजत पडलो. शेवटी थंडीने त्या चपट्याने मान टाकली, मास्तरने मला बाहेर ओढलं, तेल घातलं आणि म्हणाला, "तूच बरा." मी ते ऐकून घेतलं. पण हे गोड बोलणं गरजेपोटी होतं, एवढं मला कळतं.

आता त्या लग्नाची गोष्ट सांगतो.

लग्नाच्या महिनाभर आधी एक तरुण मुलगी विश्रामगृह ठरवायला आली. खोल्या किती, खिडकीतून काय दिसतं, हे तिने काहीच विचारलं नाही. ती मास्तरला म्हणाली, "वर जाणाऱ्या प्रत्येकाला तोलता? अगदी प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

"आणि मोठ्याने सांगता?"

"मग काय कानात सांगू?"

मुलीने तिथल्या तिथे जागा पक्की केली. मला तिचा दाट संशय आला. वजनकाट्यासाठी लग्नाची जागा कोण निवडतं? नक्कीच कोणाला तरी खोटं पाडायचं असणार.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला अकरा माणसं आली. घरचंच लग्न, बाकी कोणी नाही. मी एकेकाला पारखून घेतलं. मुलीची आत्या माझ्यावर चढताना भिंतीला टेकली आणि चार किलो तिथेच ठेवून आली, पण मास्तरने तिला सरळ उभं केलं. नवरा मुलगा निमूट उभा राहिला. तो इतका निमूट होता की मला त्याचाही संशय आला.

मग मुलीची आई आली. ती पडदे शिवायची. बोटांना सुईचे घट्टे होते, गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. अंगात पायघोळ, जाड कोट होता. मुलगी तिच्याकडे नाही, माझ्या तबकडीकडे बघत होती.

"सत्तावन्न," मास्तरने पुकारलं.

मुलीने लगेच हिशेब केला. "कोटाचे दोन वजा केले तर पंचावन्न. बरोबर पंचावन्न."

"बघ," आई म्हणाली. "सांगत होते ना. घरच्या काट्याची बॅटरीच गेली होती."

"डॉक्टर काय म्हणाले होते ते लक्षात आहे ना? पंचावन्नच्या खाली गेलीस तर आधी दवाखाना, मग बाकी सगळं."

"गेले का खाली? मग आता हस जरा. नवरी आहेस आज."

मित्रांनो, माणसं तोलण्यात माझा जन्म गेला. कोणाचंही वजन पाहिजे त्या आकड्यावर असं नेमकं येत नाही. आलं की समजावं, कुठेतरी बुटाचं टोक आहे. पण तिचे दोन्ही पाय पाटावर होते आणि हात मोकळे होते. मला काही सापडेना.

तेवढ्यात वारा सुटला. वारा असला की ट्रॉली सोडत नाहीत, म्हणून सगळे शेगडीभोवती बसले. मुलगी दाराबाहेर उभी राहून वरच्या विश्रामगृहात फोन लावत होती. आईला उष्म्याने घाम फुटला. आत्या म्हणाली, "अगं, काढ तो कोट, भोवळ येईल," आणि आई नको नको म्हणत असताना तिने तो मागून ओढून काढला. खुंट्या सगळ्या भरलेल्या होत्या. तिने दोन्ही हातांनी पेलत तो माझ्यावरच टाकला आणि हुश्श करून बसली.

माझी सुई आठवर गेली.

आठ किलोचा कोट! त्याच्या कडेने, अस्तराच्या आत, शिशाच्या चकत्या शिवलेल्या होत्या. जाड पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत घालतात, त्याच. आता कुठे सापडलं बुटाचं ते टोक! मला भयंकर आनंद झाला. मास्तरची नजर तबकडीवर गेली आणि त्याने पुकारायला तोंड उघडलं.

आई त्याच्याकडे बघत होती. मास्तरने तोंड मिटलं.

माझा संताप झाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच फितूर झाला होता. त्याने कोट उचलला, तिच्याजवळ नेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, इथे जे चढेल ते मी मोठ्याने सांगायचं असतं."

"माहीत आहे. लेकीनेच सांगितलं होतं. म्हणून तर शिवलं."

"खरं किती आहे?"

"एकोणपन्नास."

"मुलीला सांगा."

"सांगीन. लग्नाच्या सह्या होऊ देत. आत्ता कळलं तर ती वर जायचीच नाही, इथूनच मला गाडीत घालेल. माझ्या दुखण्यापायी एकदा लग्न पुढे गेलंय तिचं. पुन्हा नको."

मास्तरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजता खाली याल, तेव्हा कोट काढून इथे उभं राहायचं. नाही राहिलात तर मी सांगणार."

"राहीन."

राहीन म्हणे! असं म्हणणारी किती माणसं मी पाहिली आहेत. त्या दिवशी सुई शून्यावर होती, पण मला चैन नव्हतं. ती मागच्या पायवाटेने उतरून गेली तर? मास्तरने ऐन वेळी पुन्हा तोंड मिटलं तर? आणि खरं सांगतो, एक भीती अशीही होती की ती येईल आणि मला ते एकोणपन्नास दाखवावं लागेल.

चार वाजता ट्रॉली खाली लागली. आई पहिली उतरली. तिने कोट काढून आत्याच्या हातात दिला.

"सकाळीच विचारणार होते, दगड भरलेस की काय यात?" आत्या म्हणाली.

आई माझ्यावर उभी राहिली. भिंतीला टेकली नाही, श्वासही रोखला नाही. "पुकारा," ती म्हणाली.

मास्तरचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही, पण निघाला. "एकोणपन्नास."

मी मुलीकडे बघत होतो. ती ओरडेल, रडेल, असं मला वाटलं. ती जवळ आली आणि आईचा हात धरून म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"सकाळी ट्रॉलीत तुला हात दिला ना, तेव्हा कोटाची कड गुडघ्याला लागली. तुझ्या मशीनखाली बसून याच चकत्यांशी खेळले मी. मला कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला आजचा दिवस हवा होता. मलाही हवा होता, आई. तुला पकडायला म्हणून ही जागा घेतली आणि पकडल्यावर मलाच बोलवेना."

नवरा मुलगा पुढे आला. त्याच्या हातात एक लहान बॅग होती. "दवाखान्यात कळवलंय आम्ही. गाडी सरळ तिकडेच जाईल. तुमचे कपडे यात भरलेत."

"आणि तुमचं फिरायला जाणं?"

"दवाखान्याला गच्ची आहे. तिथे फिरू."

आई शेगडीजवळच्या बाकावर बसली. पर्समधून तिने छोटी कात्री काढली, कोटाची शिवण उसवली आणि सगळ्या चकत्या मास्तरच्या रिकाम्या चहाच्या डब्यात ओतल्या. "आता हे लपवायला नको," ती म्हणाली. मग लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या सकाळच्या आनंदाची लाज वाटली. माझ्याशी जे खोटं बोलतात त्यांना काहीतरी लुबाडायचं असतं, असं मी धरून चाललो होतो. तिला फक्त मुलीच्या लग्नाला हजर राहायचं होतं.

त्या चकत्या मास्तरने पिशवीत भरून माझ्यावर ठेवल्या. बरोबर सहा किलो. आता रोज सकाळी पहिल्या ट्रॉलीआधी तो ती पिशवी माझ्यावर ठेवतो आणि सुई सहावर आली की समाधानाने मान हलवतो. म्हणजे मास्तरलाही माझा संशय आहे. मला त्याचा राग येत नाही. असं कोणी रोज तपासलं की मी बिघडत नाही. तुमच्या घरी असा एखादा जुना काटा असेल तर त्याला कोपऱ्यात लोटू नका. त्याला तेल द्या, त्याचं शून्य बघत जा. आणि घरात कोणी उन्हातसुद्धा कोट घालून बसत असेल तर त्याच्या जवळ जाऊन बसा.

त्या मुलीचा दर महिन्याला मास्तरला फोन येतो. तो ऐकतो, माझ्या रिकाम्या पाटाकडे बघतो आणि खोलीत कोणी नसलं तरी नियमाप्रमाणे मोठ्याने पुकारतो. "पन्नास." मग पुढच्या महिन्यात, "साडेपन्नास." गेल्या आठवड्यात म्हणाला, "बावन्न," आणि पाटीवर दोनदा गिरवून लिहिलं.

फोनवर सांगितलेलं वजन मी मानत नाही. बावन्न असेल तर तिला इथे घेऊन या. कोट काढून, दोन्ही पाय माझ्यावर ठेवून तिला उभं राहू द्या. तोवर माझा कोणावरही विश्वास नाही, आणि माझी नजर दारावरून हटत नाही.