दोराचं दुसरं टोक

पंचांनी हात वर केला, मुलींनी वाकून दोर उचलला, आणि तो इतका हलका उचलला गेला की सर्वांत पुढे उभी असलेली चिमणी तोल जाऊन मागच्या मुलीवर आदळली. समोर त्याच दोराचं दुसरं टोक गवतावर आडवं पडलेलं होतं. तिथे दुसऱ्या संघाच्या आठ मुली असायला हव्या होत्या. एकही नव्हती.

"सर, ताण द्यायचा का?" सर्वांत मागून खुंटीने विचारलं. दोर काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर घेऊन ती पाय रोवून उभी होती.

"कुणाला देणार ताण? नुसत्या उभ्या राहा," मास्तर म्हणाले.

नियमच तसा होता. समोरचा संघ आला नाही तरी आलेल्या संघाने मैदानात उतरायचं, दोर हातात धरायचा, पंचांनी घड्याळ बघत थांबायचं आणि मग निकाल द्यायचा. शिट्टी वाजली. कर्ण्यातून शाळेचं नाव भलत्याच उच्चारात ऐकू आलं. बाकांवरच्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. या परदेश दौऱ्याचे प्रमुख म्हणून आलेले संस्थेचे सचिव मोबाइल उंच धरून धावत आले. "हसा गं पोरींनो, सुवर्णपदक आहे ते," ते म्हणाले. मुली हसल्या. दोराची ती रिकामी बाजू फोटोत येणार नाही, याची साहेबांनी नीट काळजी घेतली.

मास्तर शाळेत खेळ शिकवत. शाळेचं मैदान एवढंसं, की चेंडूला जरा जोरात लाथ मारली तर तो रस्त्यावर जायचा. म्हणून त्यांनी रस्सीखेच धरली, आणि ती अशी धरली की मुलं त्यांच्या माघारी त्यांना दोरखंड म्हणू लागली. शिक्षकांच्या खोलीत त्यांची टिंगल ठरलेली असे. गणिताचे सर म्हणत, "मास्तर, ओढायला काय शिकवायचं असतं? ते बैलालाही येतं." मास्तर वरवर हसत आणि आतून त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. ओढ हाताची नसते, पायांची असते, आठ जणींच्या टाचा एकदम रुतल्या पाहिजेत, श्वास एकदम सुटला पाहिजे, हे ते समजावून सांगायला लागत. तोवर ऐकणाऱ्याचा चहा संपलेला असे आणि घंटाही झालेली असे.

खुंटी ही त्यांची खास कमाई होती. अंगाने थोराड असलेली ही मुलगी पहिलीपासून पोरांच्या चिडवण्याने हैराण झालेली होती. वर्गात मागच्या बाकावर अंग चोरून बसायची. मास्तरांनी तिला दोराच्या शेवटी उभं केलं आणि सांगितलं, "तू खुंटी. सगळा संघ तुझ्यावर टांगलेला." तेव्हापासून पोरगी मान वर करून चालायला लागली होती.

आसपासच्या शाळांना या मुलींनी सहज हरवलं होतं, पण त्यात काही राम नव्हता. त्या शाळा स्नेहसंमेलनापुरता दोर बाहेर काढत. एरवी मुली मैदानाच्या कडेच्या झाडाला दोर बांधून ओढत बसत, आणि झाड काही केल्या जागचं हलत नसे. म्हणून मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. समोर जाणकार, खरा संघ असावा आणि आपल्या मुलींनी त्याच्याशी एकदा ओढून पाहावं. आपण इतकी वर्षं जे शिकवलं ते खरं आहे की तो नुसता आपला समज आहे, एवढं त्यांना कळायला हवं होतं. हरल्या असत्या तरी कळलं असतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि मुलीही शाळा सोडून जाणार होत्या. म्हणजे जे काय व्हायचं ते या परदेशातल्या स्पर्धेतच.

आणि झालं काय, तर हे. मुलींच्या गटात पाच संघांची नावं होती. त्यातले तीन आलेच नाहीत. चौथा आला, पण वाटेत काहीतरी बाधलं आणि अर्ध्याहून जास्त मुलींनी अंथरूण धरलं.

संध्याकाळी उतारूगृहाच्या भोजनगृहात त्या संघाच्या बाई गरम पाणी न्यायला आल्या. उंच, केस पांढरे व्हायला लागलेल्या, डोळ्यांखाली जागरण. मास्तर आपलं ताट तसंच टाकून उठले आणि चिमणीला हाताला धरून घेऊन गेले, कारण इंग्रजीत तिचीच काय ती जीभ वळत होती.

"त्यांना म्हणावं, मुली कशा आहेत?"

"बऱ्या आहेत म्हणतायत, सर. परवापर्यंत उठतील. पण रडतायत. त्यांनी पण खूप सराव केला होता."

मास्तर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी दोन्ही मुठी एकापुढे एक धरल्या आणि अंग मागे टाकून दाखवलं. बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि तसंच अंग मागे टाकलं. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, हनुवटी आत. मास्तर बघतच राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपल्यासारखं माणूस भेटलं होतं.

"परवा सकाळी, मागच्या हिरवळीवर," चिमणीने दोन्हीकडचं जमवून दिलं. "दोर त्या आणणार आहेत. त्यांच्या मुली जिंकणार म्हणतायत, सर."

"बघू म्हणावं," मास्तर म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. टेबलावर बातमी कळली तेव्हा खुंटीने पुन्हा ताट वाढून घेतलं.

साहेबांच्या कानावर गोष्ट जायला वेळ लागला नाही. त्यांनी मास्तरांना खोलीबाहेर बोलावलं.

"मास्तर, काय ऐकतोय मी? तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मैत्रीचा सामना आहे, साहेब. तीन ओढी. पंच नाहीत, निकाल नाही."

"आणि हरलात तर?"

"तर हरलो."

"गळ्यात सुवर्णपदक घालून हरायचं? घरी बातमी गेलीय. तिकडे मंडप घालायचं चाललंय. कुणी मोबाइलवर काढलं आणि पसरवलं म्हणजे?"

"पण साहेब, मुलींनी ओढलंच नाही. एवढ्या लांब येऊन..."

"तेच म्हणतो मी. एवढ्या लांब तुम्हाला आणायला मी कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्यात, ते तुम्हाला नाही माहीत. पुढच्या खेपेला कुणाकडे गेलो तर मला पदक दाखवायचंय. ओढ दाखवायची नाहीये." साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "परवा सकाळी बस ठरवलीय. मुलींना शहर दाखवू. पोरीबाळी खूश होतील."

मास्तरांच्या तोंडून सवयीने निघालं, "हो, साहेब." नोकरीत इतकी वर्षं हेच दोन शब्द वापरल्यामुळे ते ओठांवर तयारच असत. खोलीत येऊन त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या. त्या बाईंना जाऊन सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. शिवाय कुठेतरी वेडी आशा होती, की दोन दिवसांत साहेबांचं मन वळेल. बस उशिरा येईल. काहीतरी होईल.

बस वेळेच्या आधी आली. साहेबांनी स्वतः दारात उभं राहून मुलींना चढवलं. "खाली मान घालून का बसलात? बाहेर बघा, किती सुंदर आहे," ते म्हणाले, आणि बस इमारतीला वळसा घालून निघाली.

मुलींनी बाहेर पाहिलं. मागच्या हिरवळीवर त्या परक्या मुली सामन्याच्या कपड्यांत उभ्या होत्या. दोघी-तिघी अजून पांढऱ्याफटक दिसत होत्या, एक तर मैत्रिणीच्या खांद्याला धरून उभी होती. नवा कोरा दोर सरळ अंथरून ठेवलेला होता. मधोमध लाल फडकं बांधलं होतं. दोराची एक बाजू त्यांनी रिकामी ठेवली होती. बाई हात डोळ्यांवर धरून दाराच्या दिशेने बघत होत्या.

खुंटी बसमध्ये उठून उभी राहिली. "सर," ती एवढंच म्हणाली.

"बस खाली, पडशील," साहेब म्हणाले.

मास्तर बुटांच्या नाड्या बांधायला वाकले. नाड्या सुटलेल्या नव्हत्या. बस मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ते वाकूनच राहिले. त्या दिवशी त्यांना एक कारंजं, एक पूल आणि एक फार जुनं घड्याळ दाखवण्यात आलं. त्यांतलं एकही त्यांना आठवत नाही.

घरी परतल्यावर जो भेटेल तो हात पुढे करू लागला. दूधवाल्याने हात मिळवला, गणिताच्या सरांनी तर दोन्ही हातांनी मिळवला. मास्तर बोटांची टोकं लावून हात मागे घेत, जणू दुसऱ्याचीच वस्तू चुकून आपल्याकडे आली होती.

"अहो, जरा तोंड सरळ ठेवा की," बायको म्हणाली. "लोकांना वाटेल, हरून आलात."

"तसं वाटलं तर बरं होईल," मास्तर म्हणाले. तिने नवीन कोट झटकून त्यांच्या अंगावर चढवला आणि समारंभाला ढकललं.

समारंभात साहेबांनी परदेशी संघाला धूळ चारल्याचं वर्णन केलं. ते इतकं रंगलं की ते ऐकून आपण तिथे होतो का, अशी मास्तरांनाच शंका आली. मुली व्यासपीठावर ओळीने बसून स्वतःचे बूट बघत होत्या. मग मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून त्यांनी घसा खाकरला.

"आमच्या मुलींनी दोर ओढलाच नाही," ते म्हणाले. "दुसरा संघ आजारी होता. आम्ही नुसते उभे होतो. ओढायची संधी मिळाली होती, तीही मी घालवली."

मग साहेबांनी झटकन पुढे होऊन माइक हातात घेतला. "याला म्हणतात नम्रता! आजकाल कुठे बघायला मिळते ही?" आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसले. मास्तर काही बोलायला गेले, तर हातात पुष्पगुच्छ आला. आयुष्यात एकदा धीर करून खरं बोलले होते, आणि तेही कौतुकात वाहून गेलं. त्यांना इतका संताप आला की तो गुच्छ भिरकावून द्यावासा वाटला. त्यांनी तो खुर्चीखाली नीट ठेवून दिला.

मंडप रिकामा झाल्यावर ते मैदानाकडे गेले. मुली आधीच तिथे येऊन झाडाखाली बसल्या होत्या. जुना दोर त्यांनी खेळाच्या सामानाच्या खोलीतून बाहेर काढला होता. पदकं एका जागी, दप्तरावर ठेवलेली होती.

"सर, आपण जिंकलो असतो का?" खुंटीने विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हाला पण माहीत नाही?"

"झाडाविरुद्ध ओढलेलंच पाहिलंय मी तुम्हाला. कसं कळणार?"

मग चिमणी उठली. "बांधू का झाडाला?"

"नको," मास्तर म्हणाले. त्यांनी नवा कोट काढून सायकलवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि दोराचं दुसरं टोक उचललं.

"सर, तुम्ही एकटे?"

"एकटा मी काय पुरणार आहे तुम्हाला? पण समोर माणूस तरी असेल."

मुली एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मास्तरांनी दोर काखेतून पाठीवर घेतला. "उचला," त्यांनी हुकूम दिला. "ताण द्या. ओढा."

दोर हळूच पुढे सरकला. एखाद्या आजोबांना हाताला धरून रस्ता ओलांडायला न्यावं तसा. मास्तर भडकले.

"हे शिकवलं का मी? त्या पोरी आजारातून उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि तुम्ही माझी कीव करताय? परत."

खुंटीने खालचा ओठ दातांत धरला आणि टाच मातीत रुतवली. तिच्या पुढची सगळी ओळ एकदम खाली बसली. "ओढा," मास्तर म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी त्यांचे हात खांद्यातून निखळतात की काय असं झालं. दोरात कुठेही झटका नव्हता. मागेपुढे नव्हतं. आठ जणींचा एकच श्वास सुटत होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्यांच्या पायांखालची जमीन सरकत होती. आजवर ते नेहमी बाजूला उभे राहून ओरडत आले होते. दोराच्या या टोकाला काय येतं हे त्यांनी कधी अनुभवलंच नव्हतं. सगळा जोर लावून ते मागे रेलले, आणि तरीही फरफटत मधल्या रेषेपलीकडे जाऊन तोंडावर पडले.

मुली दोर टाकून धावत आल्या. खुंटीने त्यांना बगलेत धरून उभं केलं. त्यांच्या गुडघ्याला माती लागली होती आणि दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

"सर, रक्त येतंय. बास आता."

"सामना तीन ओढींचा असतो," मास्तर म्हणाले आणि पुन्हा दोराकडे गेले. त्यांचा चेहरा घामाने आणि आणखी कशाने तरी ओला झाला होता. "पहिली धरत नाही. ती तुम्ही ओढलीच नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात साहेब गाडीतून उतरले. बरोबर कुणी पाहुणे होते. "हेच ते आमचे मास्तर," साहेब म्हणाले, आणि पाहुण्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी तो आपल्या सोललेल्या हातात घेतला. कळ थेट कोपरापर्यंत गेली. पाहुणे काहीतरी बोलत होते, परदेशातल्या त्या विजयाबद्दल, आणि बोलता बोलता हात वरखाली हलवत होते. मास्तरांनी हात मागे घेतला नाही. पाहुण्यांनी सोडेपर्यंत त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.